नॉर्मल डोळा

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रकल्प मंजूर झाला, मदतीला आकांक्षाची नेमणूक झाली आणि नेत्रविभागाच्या प्रमुख मॅडमनी जाताजाता टोमणाही मारला. "श्रीनिवास सर, मागच्या वेळी तुमच्या अहवालात निबंध फार होते. निरीक्षणं अहवालात लिहा, मनातलं घरी लिहा." म्हणून ही डायरी. मनातलं घरी.

विषय माझ्या आवडीचा आहे. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. माणूस पेपर वाचतो, आमचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणतो आणि घरी जाऊन गोठ्याच्या खांबाला धडकतो. गेलेल्या जागी काळं काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं ओढूनताणून ती जागा भरून काढतो, त्यामुळे काही गेलंय हेच त्याला कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि गेलेली नजर परत आणणारं औषध जगात नाही. उरलेली तेवढी राखता येते. तर माझा प्रश्न असा की रुग्णाच्या आधी त्याच्या घरच्यांना कळतं का? कळत असेल तर ते बोलत का नाहीत? आंजी आणि आसपासच्या गावांतल्या रुग्णांच्या घरी जाऊन विचारायचं आहे.

आयुष्य दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघण्यात गेलं. स्वतःला चष्मा फक्त वाचायला लागतो. दूरचा तक्ता मी अजूनही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, विद्यार्थ्यांना जळवायला कधीकधी वाचूनही दाखवतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आंजीला पहिली भेट. नत्थूजी आणि त्यांच्या पत्नी भागीरथाबाई. नत्थूजींचे डोळे कापूस वेचणीत दरवर्षी खाजायचे. मेडिकलवाल्याने थेंबांची बाटली दिली, ती संपली की दुसरी, अशी वर्षानुवर्षं. ते स्टेरॉइडचे थेंब होते. काही जणांच्या डोळ्यांत त्यांनी दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. खाज नाही, दुखणं नाही, सगळं गुपचूप.

"बरं वाटे त टाकत गेलो," नत्थूजी म्हणाले. "लाली जाये, खाज जाये. मले काय मालूम, थेंबच डोळा खाऊन राह्यले म्हून?"

मी त्यांना चांगलंच झापलं. डॉक्टरला न विचारता डोळ्यात काही टाकायचं म्हणजे डोळ्यांशी जुगार. ते मान हलवत ऐकत राहिले. आता झापून काय उपयोग, पण राहवलं नाही.

मग भागीरथाबाईंना माझे प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, "मले समजलंतं. डाव्या अंगानं बकरी आली का हे म्हनत, कुठून आली समजलंच नाई. चौकट लागे, पायरी चुके. मंग मीच यायच्या डाव्या बाजूनं चालाले लागली."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"भेव वाटे, साहेब. सांगतलं त खरं होऊन जाईन, असं वाटे."

'कुठून आली कळलंच नाही.' विभागात येणारा प्रत्येक रुग्ण हे वाक्य म्हणतो. गाय असो, सायकल असो, दाराची कड असो. विद्यार्थ्यांना सांगणार आहे की हे वाक्य कानावर आलं की बाकी सगळं सोडून फील्ड, म्हणजे कडेपर्यंतची नजर, तपासा.

उठताना पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडला. भागीरथाबाईंनी पुसून घेतलं आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला उगाच लाजल्यासारखं झालं. परत येताना कापसाच्या गाड्यांची धूळ, डोळे लाल. घरी येऊन थेंब टाकले, आराम पडला.

२ डिसेंबर, सोमवार

डोळ्याचा दाब मोजायचं हातातलं नवीन यंत्र आलं. आमच्या विभागाची जुनी रीत अशी की कुठलंही यंत्र आलं की आधी ते माझ्या डोळ्यांवर लावायचं. माझा डोळा म्हणजे आमचा नॉर्मल. मुलं चेष्टेने म्हणतात, "यंत्राला सरांची मान्यता मिळाली की मगच सरकारची."

आकांक्षाने मोजलं. उजवा अठ्ठावीस, डावा चौतीस. नॉर्मल माणसाचा एकवीसच्या आत हवा.

"सर, पुन्हा मोजू का?"

पुन्हा तेच. मी हसलो. म्हटलं, चौतीस असता तर मी तुझ्यासमोर उभा राहून वाद घातला नसता. यंत्र वाटेत आपटलेलं दिसतंय. तिच्या डोळ्यांवर चौदा आलं, पण बिघडलेलं यंत्र कधीतरी बरोबर सांगतंच. कंपनीकडे परत पाठवायला सांगितलं. तिने दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले. हुशार आहे, पण यंत्रांवर फार विश्वास ठेवते.

माझे थेंब संपत आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत थंडीपुरते घ्यायचो, आता बारा महिने लागतात. औषधकंपनीचा माणूस नमुन्याच्या बाटल्या ठेवून जातो. स्टेरॉइडच आहेत, पण सौम्य. नत्थूजींच्यासारखे जहाल नव्हेत, आणि मला कधी थांबायचं ते कळतं.

९ डिसेंबर, सोमवार

आज जरा विचित्र वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

शाळेत शिकवून परत आल्यावर माझ्या बायकोने, प्रमोदिनीने, अंगणातल्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग लावला. स्वतः, ब्रश घेऊन. शेजारच्या शोभाबाई विचारत होत्या, "काय वहिनी, पोळा आता करून राह्यल्या का?" तर ही म्हणाली, "पायऱ्या दिसत नाहीत न नीट."

पायऱ्या दिसत नाहीत. मी दारात उभा होतो. हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं.

हा सल्ला मी देतो. कडेची नजर गेलेल्या रुग्णांना मीच सांगतो की पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या करा, वाटेतली तिपाई काढा, बोळात मोठा दिवा लावा. तिपाई तिने मागच्याच आठवड्यात माळ्यावर टाकली. "कशाला हवी, नुसती अडगळ," म्हणाली. बोळातला दिवाही बदलला. मला वाटलं होतं घर आवरतेय.

तिच्या आईला काचबिंदू होता. आष्टीच्या घरी शेवटची वर्षं त्या ओट्यावर बसून असत आणि पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखत. लग्नात मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांनी हातांनी चाचपून माझा चेहरा पाहिला होता. आईला असेल तर लेकीला धोका किती वाढतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. आणि माझ्या घरातल्या त्यांच्या लेकीचे डोळे किती वर्षांत तपासले नाहीत? आठवत नाही. डोळ्यांच्या माणसाच्या बायकोची ही गत.

१० डिसेंबर

झोप लागली नाही. सकाळपासून तिच्याकडे बघतोय. पूर्वी चहाचा कप टेबलावर ठेवायची, आता सरळ माझ्या हातात देते. टेबलाची कड तिला दिसत नसणार.

१९ डिसेंबर, गुरुवार

भीती एकदा घरात शिरली की प्रत्येक वस्तू तिच्या बाजूने साक्ष देते.

हल्ली संध्याकाळी फिरायला निघालो की ही माझ्या डाव्या बाजूला येते. आधी कधी असं नव्हतं, कधी पुढे, कधी मागे, कधी दुकानात गायब. आता डावीकडून दंड धरून चालते. मी तिला उजवीकडे घेतलं, म्हटलं, इकडे नाली आहे, तू आत चाल. दहा पावलांत ती परत डावीकडे. उजव्या बाजूला काही दिसत नसेल म्हणून मला त्या बाजूला ठेवते का? विचारायची हिंमत झाली नाही. नालीच्या अगदी काठाने चालत होती.

भाजीबाजाराला स्कूटरवरून गेलो तर सगळा वेळ मागून ओरडत होती. "डावीकडे बघा! म्हैस! अहो, डावीकडे!" म्हैस एकदम समोर उगवली हे खरं, पण इतकं घाबरायचं काय? अंतराचा अंदाज येत नसला की माणूस असाच दचकतो. येताना म्हणाली, "मी ऑटोने जाते, तुम्हीही चला न ऑटोने. स्कूटर राहू द्या इथेच." मी ऐकलं नाही. मग बिचारी मागे बसून आली, माझा खांदा इतका घट्ट धरून की बोटं उमटली.

मी शेकडो रुग्णांना धीर दिला असेल, "घाबरू नका, आहे ते वाचवू" म्हणून. आज तेच वाक्य स्वतःला म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

शेवटी बोललो. जेवताना सहज सांगावं तसं म्हटलं, "एकदा विभागात ये, तुझे डोळे बघून टाकू."

तिचा घास हातातच राहिला. "माझे?"

"आईंना होतं ना."

"आईला होतं, मला काही नाही." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आधी तुमचे तपासा."

टाळायची ही जुनी युक्ती आहे. रुग्ण नेहमी म्हणतात, आधी याचे बघा, आधी त्याचे बघा. मी आवाज चढवला. "माझ्या डोळ्यांना काय झालंय? विषय बदलू नकोस." ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. भांडी तर सगळी ओट्यावरच होती.

दाबाचं यंत्र कंपनीने परत पाठवलं. चिठ्ठीत लिहिलंय की दोष आढळला नाही. या लोकांना खरंच काही येत नाही. आकांक्षाला म्हटलं, आंजीला हे न्यायचं नाही, जुनंच वापरायचं. ती "ठीक आहे सर" म्हणाली, पण यंत्र कपाटात ठेवताना तिचा चेहरा उतरला होता.

६ जानेवारी, सोमवार

आज लवकर घरी आलो. प्रमोदिनी मागच्या अंगणात फोनवर बोलत होती. नागपूरला, ऋचाशी. लेकीशी बोलताना तिचा आवाज वेगळाच होतो.

"नाही ग, सांगायची हिंमतच होत नाही... हो, वाढलंय. परवा तर शोभाबाई समोरून हात करत होत्या तरी... हो न, डाव्याच बाजूला... बाबांना तू काही बोलू नकोस. ते कोसळतील ग. त्यांचं सगळं आयुष्यच या डोळ्यांवर."

मी चपला न घालता परत बाहेर आलो आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. वाढलंय. शोभाबाईंनी हात केलेलाही तिला दिसला नाही. म्हणजे तिला माहीत आहे, लेकीलाही माहीत आहे आणि ज्याने आयुष्यभर हेच काम केलं त्याच्यापासून दोघी लपवतायत. माझं आयुष्य डोळ्यांवर, म्हणून मला धक्का बसेल, म्हणून ती एकटी आंधळी होणार? इतका परका झालो मी?

थोड्या वेळाने मुद्दाम फाटकाचा आवाज करत आत गेलो. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आज लवकर?" मी म्हटलं, हो, काम नव्हतं.

मला खूप भीती वाटतेय. अहवालात असं लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मला भीती वाटतेय.

१५ जानेवारी, बुधवार

हळदीकुंकू होतं. घरभर बायका. मी आपला खोलीतून पाणी प्यायला निघालो तर दाराशीच तिळगुळाचं ताट कुणीतरी जमिनीवर ठेवलेलं. पाय पडला, ताट उडालं, लाडू दारापर्यंत घरंगळले. मी चिडून म्हटलं, "वाटेत ठेवतं का कुणी?"

प्रमोदिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "माझंच चुकलं, मीच ठेवलं होतं." खाली बसून एकेक लाडू वेचू लागली. शोभाबाई तिच्या शेजारी बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "तुमी काऊन सोतावर घेऊन राह्यल्या, वहिनी?" तिने मान हलवून त्यांना गप्प केलं.

ताट कुठे ठेवलं हेही तिला कळेनासं झालंय. वर शेजारणीला पांघरूण घालायला लावते. रागावलो याची लाज वाटली. तिच्याबरोबर लाडू वेचायला हवे होते.

२३ जानेवारी, गुरुवार

अक्षर वाईट येईल आज.

आंजीच्या रस्त्यावर स्कूटरने एका शाळेच्या मुलीला धक्का दिला. सायकलवर होती. रस्ता मोकळा, लख्ख ऊन, मी हळूच चाललो होतो. कुठून आली कळलंच नाही. मागे आकांक्षा होती, तिने किंकाळी फोडली तेव्हा मला सायकल दिसली, चाक स्कूटरखाली. मुलगी बाजूला पडली होती. गुडघा फुटला, कोपर सोललं, डोकं वाचलं. देव आहे म्हणायचं. तिचे वडील शेतातून धावत आले. मला ओळखत होते, नत्थूजींच्या नात्यातले निघाले. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"लाईनशीर जाऊन राह्यली होती ते, साहेब," ते एवढंच म्हणाले. "आपल्या डाव्या बाजूनं. तुमाले दिसली नाई का?"

म्हटलं, विचारात होतो. खरंच होतो. रात्रंदिवस प्रमोदिनीचाच विचार असतो. झोप नाही, जेवण नाही, माणूस चुकणारच.

परत येताना आकांक्षा म्हणाली, "सर, स्कूटर मी चालवते." मी किल्ली दिली. वर्ध्याला उतरल्यावर म्हणाली, "सर, तुमचं फील्ड..." आणि थांबली. मी विचारलं, कुठलं फील्ड? आंजीचं काम आता पुढच्या आठवड्यात करू. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घाबरलीय पोरगी. साहजिक आहे.

घरी काहीच सांगितलं नाही. पण प्रमोदिनीला कळलेलं दिसतं, आकांक्षाने फोन केला असणार. ती आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसून राहिली. एवढंही विचारलं नाही की कसं झालं.

२६ जानेवारी, रविवार

ऋचा आली. न कळवता, रजा टाकून. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी आत गेलो की भाजीचे भाव सुरू होतात. शेवटी मीच दोघींना समोर बसवलं. म्हटलं, मला सगळं माहीत आहे. तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलंय. मी घाबरट नाही, कोसळणार नाही. लवकर सापडलं तर वाचतं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ऋचाने विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत आहे?"

"आईच्या पायऱ्या, आईचा दिवा, आईचं डावीकडे चालणं. मी काय आंधळा आहे?"

प्रमोदिनीने तोंडावर पदर धरला. ऋचाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "उद्याच जाऊ. आईचं फील्ड करू. मीही येते."

२७ जानेवारी, सोमवार

जसं घडलं तसं लिहितो. लिहिल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

प्रकल्पासाठी आलेलं नवीन फील्ड मशीन मागच्याच आठवड्यात बसवलंय, अपघाताच्या गडबडीत माझ्या डोळ्यांवर लावायचं राहून गेलं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं, त्यात हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघायचं. आजूबाजूला कुठेही ठिणगी लुकलुकली की हातातलं बटण दाबायचं. आधी प्रमोदिनी बसली. मी तिच्या मागे उभा होतो, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

कागद निघाला. दोन्ही डोळे स्वच्छ. एक डाग नाही. इतकं सुंदर फील्ड मी विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवलं असतं.

आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. म्हटलं, हेही यंत्र बिघडलंय. एकामागोमाग दोन यंत्रं खराब, मागवतं कोण ही? आकांक्षा, सरक. मी बसतो, माझ्यावर लाव, लगेच कळेल.

आकांक्षाने प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनीने मान डोलावली. ऋचाने खोलीचं दार लोटलं.

उजवा डोळा झाकून बसलो. यंत्राचा टक्, टक् आवाज ऐकू येत होता. मला तो पाठ आहे, प्रत्येक ठिणगीआधी येतो. टक्. ठिणगी नाही. टक्. नाही. टक्. मधल्या दिव्याजवळ एक दिसली, दाबली. पुन्हा टक्, टक्, टक्, आणि वाडगा नुसता पांढरा.

"बल्ब गेलाय," मी म्हटलं.

टक्. पुन्हा टक्.

"आकांक्षा, ठिणगी येत नाहीये. बल्ब बघ."

"येतेय सर," ती म्हणाली. ती रडत होती.

तरी मी पूर्ण चाचणी होऊ दिली. सवय. अर्धवट चाचणीचा निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच शिकवलंय. मग दुसरा डोळा. मग कागद निघाला आणि मी तो हातात घेतला. डाव्या डोळ्याचं सगळं काळं, मधे चवलीच्या नाण्याएवढी जागा उरलेली. उजव्याचा खालचा आणि नाकाकडचा भाग गेलेला. कागदावर नाव नसतं तर मी म्हटलं असतं, नत्थूजींचा दिसतोय.

कपाटातलं दाबाचं यंत्र मी स्वतः काढून आकांक्षाच्या हातात दिलं. डावा छत्तीस.

नंतर विभागप्रमुख मॅडमनी डोळ्यामागची नस पाहिली. त्यांनी टोमणा मारला नाही, त्यामुळे फार भीती वाटली. एकच प्रश्न विचारला, "सर, डोळ्यात काही टाकता का?"

मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

२८ जानेवारी

तांब्या. म्हैस. शोभाबाईंचा हात. ताट. ती मुलगी.

ती मुलगी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुने थेंब बंद, दाब उतरवायचे नवीन सुरू. दाब खाली आलाय. डाव्या डोळ्यात जे गेलं ते गेलं. उजवा राखायचा आहे, आणि राहीलच असं मॅडम छातीठोक सांगत नाहीत. मीही कधी कुणाला सांगितलं नाही. पण समोरच्या खुर्चीत बसून हे ऐकताना किती थंड लागतं, ते मला माहीत नव्हतं.

रोज सकाळी उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. आजची तारीख दिसते, आजूबाजूचा महिना दिसत नाही. मग डावा झाकतो आणि बघतो, उजव्यात काल होतं तेवढं आज आहे का. आहे असं वाटतं. पण वाटण्यावर आता माझा विश्वास नाही. मेंदू जागा भरून काढतो, हे मीच शिकवायचो.

स्कूटर विकायला काढली. त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. गुडघा भरलाय, पुन्हा सायकल चालवते. तिच्या वडिलांना खरं काय ते सांगितलं. नत्थूजीही तिथे येऊन बसले होते. ते हसले नाहीत. माझा हात चाचपत हातात घेऊन म्हणाले, "थेंबानं बरं वाटे ना, साहेब?"

हो, म्हटलं. फार बरं वाटायचं.

"तेच त," ते म्हणाले.

९ मार्च, रविवार

प्रकल्प आकांक्षा सांभाळते आहे, मी बसून सल्ले देतो. पण एक मुलाखत मी स्वतः घ्यायची ठरवली होती. आज सकाळी अंगणात प्रमोदिनीला समोर बसवलं आणि आंजीत विचारतो तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले.

घरच्या माणसाच्या चालण्यावागण्यात फरक कधी जाणवला?

"मागच्याच्या मागच्या दिवाळीत. रांगोळीवरून चालत गेलात, आणि मलाच विचारलंत, यंदा रांगोळी नाही का?"

मग तुम्ही काय केलं?

"तिपाई काढली. दिवा लावला. तुमच्या त्या बाजूला चालायला लागले."

तपासून घ्या म्हणालात का?

"एकदा म्हणाले. तुम्ही ओरडलात."

शेवटचा प्रश्न विचारायला मला वेळ लागला.

दिसत होतं, तर त्यांना स्पष्ट सांगितलं का नाही?

मला वाटलं होतं ती भागीरथाबाईंसारखं म्हणेल, भेव वाटे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आधी मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. डोळ्यांचं तुम्हालाच कळतं न. वाटलं, माहीत आहे आणि आम्हाला भीती वाटू नये म्हणून लपवताय. मग मीही लपवलं."

पुढे काही विचारायचं नव्हतं. तिने चहाचा कप माझ्या उजव्या हातात दिला, आणि खुर्ची उचलून डावीकडे येऊन बसली.